जुना लाइव्ह रॉक: कुठला धुवायचा, कुठला वाळवायचा, कुठला टाकून द्यायचा

खाऱ्या पाण्याची टाकी मोडली, किंवा शेवाळाने हाताबाहेर गेली, की उरतो तो वीस-तीस किलो लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि समुद्री जीव वसलेला सच्छिद्र दगड. तो पुन्हा वापरायचा म्हटलं की सल्ले तीन मिळतात: ब्लीचमध्ये बुडवा, ॲसिडने धुवा, गच्चीवर उन्हात टाका. तिन्ही बरोबर आहेत, फक्त तीन वेगळ्या दुखण्यांवरचे आहेत. ब्लीच दगडावरची आणि छिद्रांतली सेंद्रिय घाण जाळतं, पण दगडाला चिकटलेलं, शेवाळाला पोसणारं फॉस्फेट तसंच ठेवतं. ॲसिड दगडाचा वरचा थरच खातं, त्यामुळे त्या थरातलं फॉस्फेट जातं, आतलं राहतं. ऊन जीव मारतं, घाण काढत नाही. चौथा उपाय फारसा कुणी सांगत नाही, तो म्हणजे अंधार. अंधारात शेवाळ मरतं आणि उपयोगी जिवाणू टिकतात. म्हणून कुठलीही बाटली उघडण्याआधी दगडात नेमकं काय मुरलंय ते शोधायचं.

आपल्याकडे हा खटाटोप करण्याला आणखी एक कारण आहे. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला, पांढरा पडलेला तुकडाही उचलून टाकीत घालायचा नसतो. कुणाची मोडलेली टाकी विकत घेताना रॉकमध्ये फांद्यांचे किंवा मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळाचे सांगाडे दिसले तर तेवढा माल घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी. वापरायचा तो सच्छिद्र चुनखडीचा, सिमेंट आणि कॅल्शियमयुक्त वाळूपासून घडवलेला किंवा सिरॅमिकचा रॉक.

दगड कशाचा आहे

हे ओळखायला सोपी चाचणी आहे. दगडाच्या तळाशी एक कोरडी जागा खरवडून तिथे ॲसिडचे दोन थेंब टाका. जोरात फेस आला तर कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड. काहीच झालं नाही तर सिरॅमिक किंवा दुसराच कुठला दगड. त्याला ॲसिडमध्ये घालून काही मिळत नाही, ब्लीच पुरतं. सिमेंटचा घडवलेला रॉकही फेसाळतो, पण त्यात ॲसिड नेमकं जोड धरून ठेवणारं सिमेंटच आधी खातं आणि वाळूचे कण सुटायला लागतात. असा रॉक ॲसिडपासून लांब ठेवा. तुटलेल्या बाजूला गंजाच्या तांबूस रेषा किंवा धातूसारखी चमक दिसली तर तो दगड बादच करा.

मग दगडाचा इतिहास विचारा. त्या टाकीत माशांच्या आजारावर कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि विकणारा तो आपणहून कधीच सांगत नाही. कार्बोनेट दगड तांबं धरून ठेवतो आणि पुढे हळूहळू सोडत राहतो. माशांना ते चालून जातं. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना अगदी थोडं तांबंही मारक असतं. असा रॉक स्वच्छ करण्यात वेळ घालवू नका. फक्त माशांच्या किंवा औषधोपचाराच्या टाकीत ठेवा, नाहीतर टाकून द्या.

आता दगडाकडे नीट बघा, आणि वासही घ्या. ओला, मातकट, समुद्राचा वास येत असेल तर दगड जिवंत आहे. सडक्या अंड्यांचा वास आणि काळे डाग म्हणजे पंप बंद असताना दगड बादलीत पडून राहिला, प्राणवायू संपला आणि आत हायड्रोजन सल्फाइड तयार झालं. त्यातले बहुतेक जीव गेलेलेच असतात, त्यामुळे तो जिवंत ठेवायची धडपड व्यर्थ.

फॉस्फेट मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

जुन्या टाकीतल्या केसाळ शेवाळाचं खरं मूळ बहुतेक वेळा दगडाच्या आतच असतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असताना कार्बोनेट ते पृष्ठभागावर धरून ठेवतं. पाण्यातलं कमी झालं की परत सोडतं. म्हणूनच फॉस्फेट शोषणारं माध्यम घातल्यावर आकडा दोन दिवसांत खाली येतो आणि आठवड्याने पुन्हा होता तिथे जातो. माध्यम वाईट नसतं, मागून पुरवठा चालू असतो.

मोजायची पद्धत अशी. दगड ब्रशने घासून, मिठाच्या पाण्यात खळबळून घ्या. एक किलो दगडाला दहा लिटर या प्रमाणात ताजं मिठाचं पाणी घ्या, घनता १.०२५. हे प्रमाण मुद्दाम आहे: दोनशे लिटरच्या टाकीत वीस किलो रॉक असतो तेव्हा जे होईल तेच बादलीत दिसतं. छोटा पंप लावून तीन दिवस फिरवा आणि फॉस्फेट मोजा. गोड्या पाण्यात केलेली मोजणी फसवी असते, मीठ लागतंच. ०.०५ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत असेल तर फॉस्फेटसाठी काही करायची गरज नाही. ०.१ च्या आसपास असेल तर पुढच्या टप्प्यात पाणी बदलून भागतं. ०.२ च्या वर गेलं तर ॲसिड किंवा फॉस्फेट बांधणारं लँथेनम क्लोराइड.

रंग बघून ठरवायच्या थेंबांच्या किटवर इतक्या बारीक आकड्यांसाठी विसंबू नका. हॅना कंपनीचा एचआय ७३६ हा चेकर (छोटं डिजिटल मोजणीयंत्र) फॉस्फेट नाही, फॉस्फरस मोजतो, तोही पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग); आलेल्या आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं. ३० आलं तर फॉस्फेट ०.०९ पीपीएम. हा गुणाकार विसरून «माझा आकडा तीस, म्हणजे टाकी गेली» असं समजणारे बरेच आहेत.

उकळू नका

घरातलं मोठं पातेलं काढून दगड उकळायचा मोह होतो, कारण उकळलं की सगळं मरतं हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. हे अजिबात करू नका. रॉकवर बटणासारखे दिसणारे पॅलिथोआ आणि त्यांच्या कुळातले काही जीव पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष बाळगतात. उकळत्या पाण्याच्या वाफेतून ते घरभर पसरतं. तोंडात कडू किंवा धातूसारखी चव, ताप, खोकला, श्वास लागणं, स्नायू दुखणं, अशा लक्षणांनी अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. साधी उष्णता या विषाला नष्ट करत नाही. वाफेचं यंत्र, कढत पाणी, मायक्रोवेव्ह, जोरदार फवारा मारणारा पंप, कोरड्या दगडात ड्रिल: हे सगळं त्याच रांगेतलं. शिवाय बंद छिद्रांत अडकलेल्या वाफेने दगड फुटू शकतो तो वेगळाच.

ब्रश मारायचा तोही दगड पाण्याखाली धरून, कोपरापर्यंत हातमोजे आणि डोळ्यांवर बंद गॉगल घालून. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशीवर ढकला. त्या बादल्या पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

दगड जिवंत असेल तर: अंधार

दगड अजून ओला आहे, वास चांगला आहे आणि तक्रार फक्त शेवाळाची आहे, तर हाच मार्ग घ्या. वेळखाऊ आहे, पण जिवाणूंची तयार वसाहत फुकट घालवण्यात काही शहाणपण नाही.

दोनशे लिटरचं झाकणाचं प्लास्टिकचं पिंप घ्या. आधी त्यात तेल किंवा कीटकनाशक असलेलं पिंप कितीही धुतलं तरी घेऊ नका. दगड बसवून शंभर-सव्वाशे लिटर मिठाचं पाणी भरा आणि ताशी दोन-तीन हजार लिटर फिरवणारा पंप सोडा. पाण्याचा पृष्ठभाग हलता हवा, नाहीतर प्राणवायू कमी पडतो. तापमान २४ ते २८ अंश. मुंबई-कोकणात हीटर लागत नाही. नाशिक-पुण्याच्या जानेवारीत लागतो. एप्रिल-मेमध्ये पिंप गच्चीवर नको, पाणी सहज पस्तीसच्या वर जातं.

दर आठवड्याला दुसऱ्या बादलीत मिठाचं पाणी घेऊन एकेक दगड त्यात जोरात हलवा. तपकिरी गाळ पडतो. तो दगडाच्या पोटातून जिवाणूंनी बाहेर ढकललेला असतो. पिंपाच्या तळाचा गाळ नळीने ओढून घ्या आणि निम्मं पाणी बदला. हा गाळ आत ठेवला तर सगळी मेहनत वाया, कारण तोच पुन्हा विरघळून फॉस्फेट देतो. साधारण दोन महिने धरा. गाळ पडायचा थांबला आणि फॉस्फेट दोन आठवडे हललं नाही की झालं.

अंधाराने काय मरत नाही तेही लक्षात ठेवा. ॲप्टेशिया हे छोटं समुद्रफूल प्रकाशाविनाही पाण्यातले कण खाऊन जगतं. नळीत राहून जाळं टाकणाऱ्या वर्मेटिड गोगलगायींचंही तेच. ॲप्टेशिया घासून काढायला जाऊ नका. पायाचा एक कण राहिला तरी त्यातून नवं फूल उगवतं, म्हणजे ब्रशने तुम्ही ते दगडभर पेरता. बबल अल्गीचे हिरवे फुगे मात्र चिमट्याने, न फोडता, टाकीबाहेर काढता येतात. खेकडे किंवा मँटिस श्रिंप लपलेले असतील तर १.०३५ ते १.०४० घनतेच्या दाट मिठाच्या पाण्यात दगड काही मिनिटं बुडवला की ते बाहेर पडतात.

एखाद-दुसऱ्या दगडावरच शेवाळाचा पट्टा असेल तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. बाटलीवर «२० व्हॉल्यूम» लिहिलेलं असतं, म्हणजे सहा टक्के. तेवढंच आरओ पाणी मिसळून तीन टक्के करा, दगड पाण्याबाहेर काढून ब्रशने फक्त त्या पट्ट्यावर लावा, पाच मिनिटं थांबा, मिठाच्या पाण्यात धुवा. शेवाळ दोन-तीन दिवसांनी पांढरं पडतं, लगेच नाही.

सगळं मारायचं असेल तर: आधी वाळवण, मग ब्लीच

ॲप्टेशिया, वर्मेटिड किंवा ब्रायोप्सिस या चिवट शेवाळाने भरलेला रॉक, अथवा सडलेला रॉक, शून्यावर आणावा लागतो.

आधी दिसेल ते मांसल सगळं खरवडून काढा: स्पंज, बटणं, शेवाळाची मुळं. जितकं आता निघेल तितकं ब्लीच कमी लागेल. मग गच्चीवर जाळीखाली, एकमेकांना न टेकवता, दगड मांडा. जाळी नसेल तर कावळे आणि माशा येणार, आणि पहिले चार दिवस शेजाऱ्यांची तक्रारही. मार्च ते मे हा यासाठी उत्तम काळ. पावसाळ्यात हे काम काढू नका. कोकणपट्टीच्या दमट हवेत मुठीएवढा दगडसुद्धा आतून ओला राहतो आणि बुरशी धरतो. दगड वरून पांढरा झाला म्हणजे वाळला असं नाही. एक मोठा दगड वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा, दर तीन दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की आतला ओलावा गेला. मोठ्या दगडांना तीन-चार आठवडे लागतात.

ब्लीच म्हणजे साधं सोडियम हायपोक्लोराइट, सुवास नसलेलं, फेस न होणारं, जंतुनाशक फिनाइल न मिसळलेलं. घरगुती बाटलीत ते साधारण चार ते सहा टक्के असतं. जलतरण तलावांसाठी कॅनमध्ये मिळतं ते दहा-बारा टक्के. आपल्या उन्हाळ्यात ते झपाट्याने कमजोर होतं, म्हणून बाटलीवरची तारीख बघा आणि सहा महिन्यांपूर्वीचा माल घेऊ नका.

वीस किलो रॉकसाठी प्लास्टिकच्या टबात नव्वद लिटर नळाचं पाणी, त्यात दहा लिटर घरगुती ब्लीच; कॅनमधलं असेल तर चार लिटर. जुना, फेकायच्या लायकीचा पंप सोडा, कारण ब्लीच पंपाचं रबर आणि धातू दोन्ही खातं. जागा उघडी हवी. चोवीस तासांनी पाणी पिवळट-तपकिरी झालं आणि क्लोरीनचा वासच राहिला नाही, तर ब्लीच खर्ची पडलंय आणि घाण शिल्लक आहे; पाणी ओता, नवं मिश्रण करा. तेच पाणी आठवडाभर ठेवण्यात तोटाच आहे: जळलेल्या घाणीतून सुटलेलं फॉस्फेट पाण्यात येतं आणि संधी मिळाली की परत दगडावर बसतं. तीन दिवसांनंतरही वास कायम असेल तर काम झालं. डोळ्यांत झोंबणारा, नेहमीपेक्षा वेगळा उग्र वास आला तर ब्लीच आणि अमोनियापासून क्लोरामाइन होत आहे. मागे व्हा, हवा खेळू द्या. न वाळवता थेट ब्लीचमध्ये टाकलेल्या ओल्या, सडक्या रॉकचं हेच होतं.

नंतर दोनदा साध्या पाण्यात चोवीस-चोवीस तास. तिसऱ्या पाण्यात सोडियम थायोसल्फेट, दहा लिटरला एक ग्रॅम. एवढ्याने सुमारे १४ पीपीएम क्लोरीन मारला जातो. जास्त घालून फायदा नाही, उलट पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. दुकानात एक काळजी घ्या: फोटोग्राफीवाले थायोसल्फेटला «हायपो» म्हणतात आणि रुग्णालयाचा माल विकणारे हायपोक्लोराइटलाही «हायपो»च म्हणतात, म्हणून पूर्ण नाव वाचून घ्या. दगड तासभर बुडवून ठेवला की पाण्याची ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करा. ग्रामपंचायतीत नळाच्या पाण्याला करतात तीच ही चाचणी. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग न येणं हवं. मग आठवडाभर पुन्हा ऊन.

ॲसिड: कधी आणि किती

ॲसिड हा सगळ्यात जास्त गाजलेला आणि सगळ्यात कमी वेळा लागणारा उपाय आहे. फॉस्फेट ०.२ च्या वर असेल, किंवा दगडाची छिद्रं जुन्या कोरलाइन (दगडावर चुन्याचा थर चढवणारं शेवाळ) आणि नळ्यांच्या कवचांनी बुजली असतील, तरच त्याच्या वाटेला जा.

हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण तीस टक्क्यांचं असतं. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विक्रेत्याला खरेदीदाराची नोंद ठेवावी लागते, त्यामुळे ओळखपत्र न्या. शौचालय साफ करायचे निळे, दाट द्रव घेऊ नका; त्यात रंग आणि साबण असतो आणि तो छिद्रांतून निघत नाही.

हिशेब आधी करा. या ताकदीचं एक लिटर ॲसिड जवळपास अर्धा किलो दगड विरघळवतं आणि सव्वाशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे वीस किलो रॉकवर तीन लिटर ॲसिड वापरलं तर दीड किलो दगड गेला, तेवढं पुरे. दहा लिटर वापरलं तर पाव दगड गेला, आणि उरलेल्याचे पातळ कंगोरे बिस्किटासारखे तुटायला लागतात. बाथरूममध्ये हे काम करू नका, तो वायू खाली साचतो आणि गुदमरवतो.

साठ लिटर पाणी प्लास्टिकच्या टबात आधी भरा, मग तीन लिटर ॲसिड बारीक धारेने त्यात सोडा. उलट कधीच नाही. ॲसिडमध्ये पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. ॲसिड झेलणारे रबरी हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, वारा पाठीकडून. दगड एकेक करून हळूच आत ठेवा, सगळे एकदम टाकले तर फेस टबाबाहेर येतो. दहा-पंधरा मिनिटांत फेस मंदावतो. फेस थांबला म्हणजे दगड स्वच्छ झाला असं नाही, ॲसिड संपलं इतकंच.

टब कुठे ठेवता त्याकडेही लक्ष हवं. शहाबादी आणि कोटा फरशी चुनखडीच आहे, संगमरवरही. ज्या ॲसिडने रॉक खाल्ला ते फरशीही तितक्याच आवडीने खातं, आणि तो पांढरा डाग पॉलिश केल्याशिवाय जात नाही. लोखंडी घमेलं, जस्ताची बादली, पितळी नळ जवळ नको. शेजारी दोन किलो खाण्याचा सोडा आणि पाण्याची नळी तयार ठेवा. काम झाल्यावर टबात संगमरवराचे तुकडे रात्रभर पडू द्या. उरलेलं ॲसिड त्यांच्यावर खर्ची पडतं. सोड्याने मारायचं तर न संपलेल्या प्रत्येक लिटर ॲसिडमागे पाऊण किलोहून अधिक सोडा जातो, म्हणून तुकडेच स्वस्त. पीएच सहाच्या वर गेला की भरपूर पाण्यासोबत गटारात.

ब्लीच आणि ॲसिड यांची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंदिस्त जागेत तो जीवघेणा आहे. ब्लीचचा रॉक ॲसिडमध्ये घालण्याआधी ओटी चाचणी रंगहीन हवी. आणि थायोसल्फेटचंही ॲसिडशी जमत नाही: पाणी दुधाळ होतं, गंधक पडतं आणि सल्फर डायऑक्साइडचा झणझणीत वास सुटतो. त्यामुळे थायोसल्फेटनंतर दोनदा साधं पाणी, आठवडाभर ऊन, आणि मगच ॲसिड. हे दोन टप्पे एका रविवारी उरकायचे नसतात.

व्हिनेगर सुरक्षित वाटतं, पण एक लिटर जेमतेम चाळीस ग्रॅम दगड विरघळवतं. दोन-चार छोट्या तुकड्यांसाठी ठीक. नीट न धुतल्यास त्यातलं ॲसिटेट नव्या टाकीत जिवाणूंचं खाद्य होतं आणि पाणी दुधासारखं पांढरं पडतं.

दगडाचा आकार जपायचा असेल, किंवा ॲसिडनंतरही आकडा खाली येत नसेल, तर लँथेनम क्लोराइड. ते फॉस्फेटला न विरघळणाऱ्या चूर्णात बांधतं. हिशेबाने एक ग्रॅम फॉस्फेटला सुमारे चार ग्रॅम लँथेनम क्लोराइड हेप्टाहायड्रेट; प्रत्यक्षात थोडं जास्त, कारण काही लँथेनम कार्बोनेटशी बांधलं जातं आणि त्यात पाण्याची अल्कलिनिटीही (आम्ल झेलण्याची क्षमता) उतरते. पिंपातल्या मिठाच्या पाण्यात, विरळ करून, दिवसभरात थेंबथेंब सोडा आणि पाणी ५ ते १० मायक्रॉनच्या, मोज्याच्या आकाराच्या गाळणीतून गाळत राहा. दगड आतलं फॉस्फेट हळूहळू सोडतो, त्यामुळे आकडा खाली येईल, दोन दिवसांत चढेल, पुन्हा खाली येईल. चढणं थांबेपर्यंत चालू ठेवा. हे फक्त पिंपात; मासे असलेल्या टाकीत ते चूर्ण कल्ल्यांत बसू शकतं.

पुन्हा जिवंत करणं

ब्लीच किंवा ॲसिडमधून आलेला रॉक म्हणजे कोरा दगड. त्यात अमोनिया पचवणारं काहीच उरलेलं नाही. थेट टाकीत रचून मासे सोडले तर चार-पाच दिवसांत त्याचा हिशेब मिळतो.

इथून पुढे नळाचं पाणी बंद, आरओ-डीआयचंच (आरओनंतर उरलेले क्षारही डीआय रेझिनने काढलेलं). स्वयंपाकघरातल्या आरओचं घेणार असाल तर टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर बंद करा. तो चवीसाठी कच्चं पाणी मिसळतो आणि मीटरवर दिसणारे वीस-पन्नास पीपीएम क्षार त्यातूनच येतात. डीआयनंतर मीटरवर शून्य दिसायला हवं. लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ, घनता १.०२५, झाकलेलं पिंप, जोरदार पंप.

अमोनिया द्यायला अमोनियम क्लोराइड वापरा. आपल्याकडे त्याला नवसागर म्हणतात, पण कल्हईवाल्याचा नवसागर नको, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. शंभर लिटरला ०.६ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या जवळ जातो. मेलेली कोळंबी टाकून सडवायची जुनी पद्धत सोडून द्या. ज्या फॉस्फेटसाठी एवढा आटापिटा केला तेच तुम्ही परत घालता.

सोबत बाटलीतले जिवाणू, किंवा त्याहून चांगलं म्हणजे खात्रीच्या टाकीच्या संपमध्ये (मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) महिना-दीड महिना ठेवलेली सिरॅमिक कडी. ओळखीतल्या टाकीतला जिवंत दगडाचा तुकडा आणला तर विविधता मिळते, पण त्यावर एक ॲप्टेशिया असला तरी गाडी मूळपदावर. हा निर्णय त्या टाकीकडे दहा मिनिटं टक लावून बघितल्यावर घ्या. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतो आणि उतरतो, नायट्रेट वाढतो. २ पीपीएमचा डोस चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही टिकला नाही की रॉक तयार. चार ते सहा आठवडे धरा. शेवटी तीच जुनी मोजणी: किलोला दहा लिटर, तीन दिवस, फॉस्फेट.

रचताना लिटरमागे साठ ते शंभर ग्रॅम सच्छिद्र रॉक पुरतो. पूर्वी सांगितलं जायचं तसं लिटरला सव्वाशे ग्रॅम आणि वर घातलं तर मागे पाणी फिरत नाही आणि गाळ साचतो. दगड काचेच्या तळावर किंवा आधारावर आधी बसवा, वाळू नंतर. वाळूवर ठेवलेला दगड गोबी मासे आणि पिस्तूल कोळंबी खालून पोखरतात आणि तो काचेवर येतो. भोकं पाडायची तर गवंडीकामाच्या बिटने, दगड ओला ठेवून.

रचल्यावर दोन-तीन महिन्यांत काय दिसेल

पहिले काही आठवडे तपकिरी डायॲटम (सूक्ष्म शेवाळ) आणि मग थोडं हिरवं शेवाळ येणारच; कोऱ्या पृष्ठभागावर जागा रिकामी असते. त्यापेक्षा सावध राहायचं ते डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांपासून: बुडबुडे अडकलेले चिकट तपकिरी धागे, रात्री दिवे बंद केल्यावर विरळ होणारे, सकाळी पुन्हा दाट. कोऱ्या रॉकच्या टाकीत ते जास्त येतात, विशेषतः नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेले की. एवढी मेहनत करून फॉस्फेट काढल्यावर शून्य बघायचा मोह होतो, पण नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.०८ पीपीएम टिकवा. शोषक माध्यम पहिल्या दिवसापासून लावू नका.

फॉस्फेट हळूहळू चढत राहिलं, आणि मासे मोजकं खात असूनही चढत राहिलं, तर एखादा जाड दगड आतून अजून सोडतोय. टाकी मोडायची गरज नाही. संशयित दगड काढून एकेकटा बादलीत तीन दिवस तपासा. बहुतेकदा तो सगळ्यात जड, सगळ्यात कमी छिद्रांचा असतो. तेवढाच पुन्हा लँथेनमच्या पिंपात, किंवा हातोड्याने फोडून संपमध्ये खडी म्हणून, आतला भाग उघडा झाल्यावर मोजून.

जांभळी कोरलाइन परत यायला तीन ते सहा महिने घेते. कोरलाइन असलेल्या टाकीतला खरवडलेला चुरा पंपासमोर सोडला, कॅल्शियम ४२० पीपीएम आणि अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या (अल्कलिनिटीचं एकक) आसपास स्थिर ठेवली, तर पहिले ठिपके दगडाआधी पंपावर आणि मागच्या काचेवर दिसतात. ते तिथून खरवडू नका.